एक पळी वाईन

द्राक्षांशी माझा संबंध आजवर फक्त आजारपणापुरता आला. लहानपणी आमच्या चाळीत ज्या घरी द्राक्षं येत, त्या घरी कोणीतरी अंथरुणाला खिळलं आहे असं गृहीत धरून बाकीच्या बायका समाचाराला जात. पुढं घरात द्राक्षासव आलं. आमची आई गेली कित्येक वर्षं रात्री जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव समभाग पाण्यातून घेते आणि घेतल्यावर समाधानानं 'हुश्श' करते. त्या बाटलीवर बारीक अक्षरांत, आत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल आहे, असं छापलेलं असतं. मी ते एकदा वाचलं आणि बाटली मुकाट्यानं जागेवर ठेवली. बारीक अक्षरांतला मजकूर केव्हा मोठ्यानं वाचून दाखवायचा नसतो, एवढं बावीस वर्षांच्या बँकेच्या नोकरीत मी निश्चित शिकलो आहे.

अशा या निर्व्यसनी घरात लग्नाच्या अठराव्या वाढदिवसाला सौ.च्या भाच्यानं आम्हां उभयतांना नाशिकच्या वाईन-टेस्टिंगचं कूपन पाठवलं. भाचा पुण्याला आयटीत आहे. तो पाणी पितानासुद्धा कोणत्या गावचं आहे ते विचारतो.

"काका, ती नुसती प्यायची नसते. अनुभवायची असते," तो फोनवर म्हणाला.

मी कॉमर्सचा पदवीधर. ताळेबंदात अनुभव नेमका कोणत्या बाजूला लिहायचा हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. पण कूपनचे पैसे परत मिळत नाहीत आणि ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मध्यमवर्गीय माणसाला व्यसन लावायचं असेल, तर एवढी एक अट पुरते.

एकदा जायचं ठरल्यावर मी बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षेला बसावं तसा अभ्यासाला बसलो. टिपणं काढली. त्यावरून असं कळलं की वाईनला 'नोज' असतं, 'बॉडी' असते आणि 'लेग्ज' असतात. मला तो स्थळाचा कागद वाटला. नाकी-डोळी नीटस, अंगानं मध्यम, पाय बरे. हे पाय म्हणजे ग्लास फिरवल्यावर काचेवरून सावकाश ओघळणारे थेंब. त्यांवरून वाईनची जात ओळखता येते असा पुष्कळांचा समज असतो, आणि तो चुकीचा आहे. पाण्यापेक्षा अल्कोहोल लवकर उडून जातं, काचेवर राहिलेल्या पातळ थरातला ताण बदलतो, तो थर खालची वाईन वर ओढतो आणि मग ती थेंबाथेंबानं खाली येते. लॉर्ड केल्व्हिनचा थोरला भाऊ जेम्स थॉमसन यानं 1855 सालीच याचा उलगडा केला होता. म्हणजे पाय बघून कळतं ते एवढंच, की आत अल्कोहोल बरंच आहे. तेवढं बिलावरूनही कळतं.

आईला मी फक्त "नाशिकला जाऊन येतो" म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं. नोंद जरा अपुरी होती, इतकंच. आईनं तत्काळ तांब्याचा छोटा गडू काढून दिला आणि रामकुंडाचं पाणी आणायला सांगितलं. त्यामुळं गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, भल्या सकाळी, हातात तीर्थाचा गडू आणि खिशात वाईनचं कूपन घेऊन आम्ही कल्याणला गाडीत चढलो. गाडीचं नाव तपोवन एक्स्प्रेस.

रामकुंडावर हातावर तीर्थ घेतलं, गडू भरला, कागदानं झाकून त्याला दोरा बांधला आणि गंगापूर धरणाच्या बाजूला रिक्षा केली.

द्राक्षबाग मी जवळून प्रथमच पाहत होतो. मला वाटलं होतं, बाजारात मिळतात तीच द्राक्षं चिरडून ठेवतात. तसं नसतं. आपण खातो ती थॉमसनच्या कुळातली. सोनाका, तास-ए-गणेश ही त्याच घराण्यातली मुलं. पातळ सालीची, बिनबियांची, लांबोडकी. वाईनची द्राक्षं आकारानं जेमतेम मोठ्या वाटाण्याएवढी, आत बिया आणि साल अशी जाड की दातांना विचार करावा लागतो. मात्र गोडीला आपल्यापेक्षा सरस. काळ्या द्राक्षाचासुद्धा रस बहुतेक वेळा पांढराच निघतो. रंग आणि तुरटपणा असतो तो सालीत. साल रसात मुरत ठेवली की रेड वाईन, आधीच काढून टाकली की व्हाइट. युरोपात ही तोडणी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत चालते, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. म्हणजे आमच्या इयर-एण्डिंगच्या ऐन धुमाळीत. वाईनवाल्यांनाही मार्च चुकलेला नाही हे ऐकून मला बरं वाटलं.

टेबलाभोवती आम्ही आठजण होतो. दोन नवी जोडपी, दोन दाढीवाले मित्र आणि आम्ही. शिकवायला काळा एप्रन घातलेली पंचविशीतली मुलगी होती. निफाडकडची, द्राक्षबागायतदाराच्या घरातली. सौ.नं पहिल्या पाच मिनिटांत तिच्याकडून गाव, घर, भावंडं सगळं काढून घेतलं.

"वडील काय म्हणतात तुझे? या कामाला?"

"बाबा माळकरी आहेत, मावशी. ते द्राक्षं पिकवतात आणि लांबच राहतात. पुढचं मी बघते."

भिंतीवर रंगीत चाकाचं एक मोठं चित्र टांगलेलं होतं. 1984 साली कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल नावाच्या प्राध्यापिकेनं वाईनच्या वासांचं हे चक्र तयार केलं. 'छान', 'भारदस्त', 'नाजूक' असल्या शब्दांनी एकाचं दुसऱ्याला काही कळत नाही, तेव्हा प्रत्येकानं ठरलेल्या वस्तूचं नाव घ्यावं, असा त्यामागचा विचार. विचार उत्तमच. परंतु चाकावर ब्लॅकबेरी, रास्पबेरी, ब्लॅककरंट अशी मंडळी होती. यांपैकी फक्त स्ट्रॉबेरी मी खाल्ली आहे, तीही महाबळेश्वरला, तिखटमीठ लावून.

आधी तिनं प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर बडीशेप ठेवली. "नाक घट्ट धरा आणि चावा," ती म्हणाली. मी धरलं. तोंडात किंचित गोडसर भुसा आला, बाकी काही नाही. "आता सोडा." सोडलं मात्र, आणि बडीशेप एकदम दत्त म्हणून उभी राहिली! मी चकित झालो. चव म्हणून आपण जी म्हणतो तिच्यात जिभेचा वाटा थोडका असतो. गोड, आंबट, खारट, कडू आणि ते जपान्यांनी शोधलेलं उमामी, एवढंच तिचं अधिकारक्षेत्र. शाळेत आम्ही जिभेचं चित्र काढून शेंड्याला गोड, कडेला आंबट, मागं कडू असे सातबारे लिहिले होते. ते खरं नाही. या चवी जिभेवर सगळीकडं कळतात. आणि पेरू, पुदिना, बडीशेप, वेलची ही सारी प्रजा नाकाची. घास तोंडात असताना त्याचा वास घशामागून वर नाकात चढतो. पुढच्या दारानं येतो तो वास आणि मागच्या दारानं येतो ती चव, असं आपलं धरून चालायचं. मागच्या दारानं होणारी कामं अधिक महत्त्वाची असतात, हे सरकारी बँकेतल्या माणसाला निराळं सांगायला नको.

सगळ्यांनी नाक धरलं, पण सौ.नं धरलं नाही.

"धरा ना मावशी, मजा येते."

"मला माहीत आहे कसं लागतं ते," ती म्हणाली आणि बडीशेप नुसतीच खाल्ली. नाकातल्या चमकीमुळं अडचण झाली असेल, असं मी मनाशी समजलो.

मग पहिली वाईन आली. सॉव्हिन्यॉं ब्लॉं नावाची, फिकट पिवळी, गारेगार. ग्लासाच्या तळाशी जेमतेम दोन पळ्या. मोठ्या भांड्यात एवढंसं पाहून मला सकाळचं रामकुंड आठवलं. प्रमाण तेच, फक्त उजव्या हाताच्या तळव्याऐवजी काच. मी रीतसर ग्लास तिरका केला, फिरवला (थोडी बाहीवर गेली), नाक आत घातलं आणि खोल श्वास घेऊन म्हणालो, "लिची."

टिपणांत लिची होती. मला वास आला होता तो धुतलेल्या काचेचा.

"अजून गार आहे, सर," ती मुलगी म्हणाली. "गार असताना वास दबलेला असतो. ग्लास तळहातांत धरा. थांबा थोडं."

हे थांबणं मला नवीन होतं. मी जेवतो ते सकाळी नऊ-वीसच्या लोकलच्या आधी आणि रात्री बातम्यांच्या बरोबर. पण थांबलो. आणि खरोखर, दोनतीन मिनिटांनी ग्लासातून काहीतरी वर येऊ लागलं. काय ते सांगता येईना. ओळखीचा ग्राहक समोर उभा राहावा आणि नाव आठवू नये, तसं झालं.

"घोट घ्या, लगेच गिळू नका. सगळ्या तोंडातून फिरवा."

घेतला. आता हे क्रमानं सांगतो, कारण हे सगळं एकदम होत नाही, ओळीनं होतं. प्रथम जिभेवर गारवा आणि गोडीचा एक भास. भासच, कारण वाईन गोड नव्हती, वास फळाचा म्हणून जीभ फसते. मग क्षणात दोन्ही गालांच्या आतून पाणी सुटलं. तो आंबटपणा. तो किती आहे हे बघायचं असेल तर गिळल्यावर तोंड जरा उघडं ठेवून पाणी किती सुटतं ते पाहायचं, असं तिनं सांगितलं. आम्ही आठही जण दाताच्या डॉक्टरकडं बसल्यासारखे आ करून बसलो. आणि सगळं संपलं असं वाटल्यावर मागच्या दारानं ते ओळखीचं काहीतरी पुन्हा आलं आणि रेंगाळलं. हा 'फिनिश'. घोट गिळल्यानंतर चव किती सेकंद टिकते ते फ्रेंच लोक मोजतात आणि त्या एका सेकंदाला त्यांनी 'कोदाली' असं नावही ठेवलं आहे. मी घड्याळ लावलं. सात कोदाली भरल्या. बँकेचा चहा काउंटरवर येईपर्यंतच संपलेला असतो, त्या मानानं हे भरघोसच.

"मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

सौ.चं नाक बराच वेळ ग्लासात होतं. आमच्या हिनं मान वर केली आणि म्हणाली, "पेरू. पण पिकलेला नाही. टणक असतो ना, हिरवट, मीठ लावून खातो तो. आणि मिरचीचं देठ मोडल्यावर येतो तो वास. तिखट नाही, हिरवा."

ती मुलगी ग्लास पुसता पुसता थांबली. तिनं सांगितलं, की या वाईनमध्ये पेरूसारखा वास देणारी द्रव्यं असतात आणि ढोबळ्या मिरचीत असतो तोच हिरवा वास या द्राक्षातही असतो. "पण लोक चाकाकडं बघून सांगतात हो. मावशींनी चाकाकडं बघितलंच नाही. कुठं शिकलात?"

"घरीच," सौ. म्हणाली. "पाच महिन्यांचा कोर्स होता."

सगळे हसले. मीही हसलो. मला तो विनोद वाटला.

पेरू म्हटल्यावर मीही वास घेऊन पाहिला, आणि काय सांगू, पेरू ढळढळीत दिसायला लागला! नाव सांगितल्याशिवाय माझ्या नाकाला काही कळत नाही असा याचा अर्थ. याबाबतीत मी एकटा नाही. 2001 साली फ्रान्समधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बोर्दो इथल्या वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना व्हाइट वाईन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं! हे त्या मुलीनं सांगितल्यावर मला इतका धीर आला की पुढचा अपमान मी स्वतःच ओढवून घेतला.

मधे एक गुलाबी आणि एक बुडबुड्यांची झाली. त्यांच्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. टेबलावर एक सुरई ठेवलेली होती, तिच्यात चाखलेली वाईन थुंकायची असते असं कळलं. खरे जाणकार तेच करतात. टेबलावरच्या एकाही मराठी माणसानं ते केलं नाही. पैसे भरलेल्या वस्तूची चूळ भरायची म्हणजे काय!

शेवटी रेड आली. शिराज. मी वास घेतला आणि टिपणांचं चौथं पान डोळ्यांसमोर आणून म्हणालो, "ओक. लेदर. थोडी तंबाखू."

"सर, ही लाकडाच्या पिंपात ठेवलेलीच नाही," ती मुलगी अत्यंत अदबीनं म्हणाली. "स्टीलच्या टाकीतली आहे."

दोन्ही दाढीवाल्यांनी आपल्या तोंडात आलेला 'ओक' गिळल्याचं मी स्वतः पाहिलं.

पण घोट घेतल्यावर मात्र मला एक गोष्ट अशी कळली की ती सांगायला टिपण लागलं नाही. मी बँकेत लागलो तेव्हा कॅशमधल्या एका जुन्या हेडकॅशियरनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "खोटी नोट डोळ्यांना शेवटी कळते, बोटांना आधी." खऱ्या नोटेवर काही छपाई उठावाची असते, अंगठा फिरवला की ती हलकीशी खरखरते. त्या कागदाला एक पोत असतो. बारा वर्षं कॅशवर काढल्यावर माझ्या अंगठ्याला ती भाषा येते. आता या शिराजनं तोंडात तेच केलं. आधी ती गुळगुळीत आली, व्हाइटपेक्षा दाट, पाण्यापुढं साय जाणवावी तशी. मग हळूहळू जीभ टाळूला घासायला लागली, हिरड्यांवर मऊ मखमल उलटी फिरवल्यासारखं झालं. चव संपली, तरी ते कोरडं खरखरणं उरलं. जांभळं जास्त खाल्ल्यावर होतं ते, किंवा टपरीवरचा सकाळपासून उकळत राहिलेला चहा प्यायल्यावर होतं ते. याला कारण सालीतलं आणि बियांतलं टॅनिन. आपल्या लाळेतली प्रथिनं त्याला जाऊन चिकटतात आणि तोंडाचं वंगण नाहीसं होतं.

"ही चव नाही. हा स्पर्श आहे," मी म्हणालो.

"बरोब्बर, सर!" ती म्हणाली. संपूर्ण दिवसात मला मिळालेला हा एकमेव गुण.

आपल्या पूर्वजांनी मात्र याला चवीतच धरलं होतं. षड्रसांतला कषाय म्हणजे आपला तुरट. बाकी त्या षड्रसांच्या यादीत मराठी माणसाची फजितीच आहे. कटू म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू! मी बरीच वर्षं उलट समजत होतो आणि कोणाचं काही अडलं नव्हतं.

"आणि वास कसला येतो?" तिनं विचारलं.

कोणी बोलेना. मला तर लाल रंगाखेरीज कसलाच वास येत नव्हता. सौ.नं ग्लास नाकाशी नेला, बाजूला केला, पुन्हा नेला आणि एकदम तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मिरी," ती म्हणाली. "काळी मिरी. आत्ता कुटलेली."

मुलगी खूश झाली. शिराजमधला तो मिरीसारखा वास कशामुळं येतो ते 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शोधलं. त्या द्रव्याचं नाव रोटंडोन. काळ्या मिरीला जो वास असतो तोही त्याचाच. पाचांतल्या एखाद्या माणसाला मात्र तो वास येतच नाही. मी मुकाट्यानं तो पाचवा झालो. आमच्या हिच्या डोळ्यांतलं पाणी मी मिरीच्या खात्यावर टाकलं.

परतीलाही तपोवनच होती. खिडकीशी मी, मधे गडू, पलीकडं सौ. इगतपुरी गेल्यावर मी सहज विचारलं, "पाच महिन्यांचा कोर्स म्हणजे काय गं?"

"म्हणजे काय म्हणजे? एकवीस सालचा."

2021 च्या एप्रिलमध्ये आमच्या घरात सगळ्यांना करोना झाला होता. मला ताप, आईला खोकला, हिला विशेष काही नाही. "वास गेलाय हो माझा," असं ती एकदा म्हणाली होती खरी. "येईल परत, सगळ्यांचा येतो," असं म्हणून मी ते प्रकरण निकालात काढलं होतं. आमच्याकडं निकालात निघालेली फाइल पुन्हा कोणी उघडत नाही.

तो वास एप्रिलात गेला आणि मे-जूनमध्येही आला नाही. ही रोज सकाळी मिसळणाचा डबा घेऊन खिडकीशी उभी राहायची आणि एकेक वाटी नाकाशी धरायची. लवंग, वेलची, हिंग, मग लिंबाची साल. कोणीतरी तिला सांगितलं होतं, रोज ठरलेले चार वास हुंगायचे, येवोत न येवोत, आणि तो वास कसा होता ते आठवायचं. हे मी पाहिलं होतं. मला वाटायचं, किडे झालेत का बघतेय.

"पहिली लवंग आली," ती सांगत होती. "जराशी. मग मधेच कांदा परतला की रबर जळल्यासारखं यायला लागलं. मळमळायचं."

"म्हणून तू तेव्हा..."

"हो. म्हणून चातुर्मास धरला."

त्या वर्षी कांदालसूण बंद झाला, तेव्हा तुझी भक्ती आणि आमचे हाल, असं मी चांगलं पाहुण्यांसमोर म्हणालो होतो.

"आणि स्वयंपाक?"

"मीठ कळायचं, आंबट-गोड कळायचं. जीभ होती की. मसाला मोजून घालायचा, हाताला माहीत असतो. कसा झालाय ते मात्र समजायचं नाही."

"मग?"

"मग तुमच्याकडं बघायचं. तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात की ठीक."

मी गप्प झालो. 'ठीक आहे' हे मी अठरा वर्षं रोज म्हणतो. आमटीला म्हणतो, श्रीखंडाला म्हणतो, एकदा पान वाढायच्या आधीच म्हणालो होतो. आमच्या बँकेत कोणी व्हाउचर न वाचता सही करून पास केलं, तर त्याच्यावर मेमो निघतो. इथं एक बाई पाच महिने फक्त माझ्या सहीवर सगळं पास करत होती आणि मी टीव्हीकडं बघत सह्या ठोकत होतो.

आणि त्याच सुमारास कधीतरी दूध करपलं होतं. घरभर वास सुटला होता, ही गॅससमोर उभी आणि हिला पत्ता नाही. मी तेव्हा सोनेतारणाच्या टेबलावर होतो. आत येऊन मी म्हणालो होतो, "काय, नाक गहाण टाकलंयस का?" हा विनोद मला इतका आवडला होता की दुसऱ्या दिवशी मी तो शाखेतही सांगितला. ही तेव्हा हसली होती.

ते मला आठवलंय हे हिला माझ्या तोंडावरून कळलं असावं.

"टाकलंच होतं," ती म्हणाली. "गणपतीच्या आदल्या दिवशी सोडवलं. मसालेभाताला मिरी कुटत होते आणि एकदम आली. सगळ्यांत शेवटी मिरी आली."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही आरास करत होतात."

मी खिडकीतून कसाऱ्याचा घाट बघू लागलो. बाहेर मिट्ट काळोख होता, काही दिसत नव्हतं, तरी मी बराच वेळ बघत होतो. मधल्या गडूचा दोरा सैल झाला होता, तो सौ.नं पुन्हा आवळून बांधला.

घरी पोचायला साडेनऊ झाले. आईनं रामकुंडाचं पाणी देवाजवळ ठेवलं, माझ्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तोंड उतरलंय रे. दोन चमचे द्राक्षासव देऊ का?"

नको म्हणालो. एवढ्यात सौ.नं कुकर लावून आमटीला फोडणी दिली होती. पानं घेतली. टीव्ही मी लावला नाही, तेव्हा आई जरा घाबरलीच. मी आमटीची वाटी दोन्ही तळहातांत धरली, हळूच फिरवली आणि नाक वर धरलं.

"काय रे? झुरळ पडलं का?" आईनं विचारलं.

मी घोट घेतला आणि लगेच गिळला नाही. आधी गूळ आला, अगदी पुढं. मग गालांत पाणी सुटलं, ते आंबट. मग डाळीचा पोत, दाट आणि रवाळ, मखमलीसारखा नाही, धुवट सुती पंचासारखा. गिळली, आणि मागच्या दारानं गोडा मसाला आला. त्यात दगडफूल होतं, तीळ होते, खोबरं होतं, आणि शेवटी कुठंतरी लांबवर, नक्की सांगता येत नाही पण बहुधा, लवंग. मी मनात कोदाली मोजत होतो. बावीस झाल्या तरी ती जाईना.

"गूळ," मी स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणालो. "मग चिंच. मग गोडा मसाला, त्यात दगडफूल पुढं आणि लवंग मागं."

आत भांड्यांचा आवाज थांबला. सौ. पळी हातात घेऊन दारात आली.

"आमसूल," ती म्हणाली.

"काय?"

"चिंच नाही. आमसूल. अठरा वर्षं आमसूलच घालतेय."

मी वाटी पुढं केली.